वाचक विचारतात : यान खरं की नेपथ्य?

गेल्या अंकात एकांकिका लिहिणाऱ्यांसाठी एक कथाबीज दिलं होतं. तारायानावरचा एक अधिकारी आजारातून उठतो. मधले सहा महिने त्याला आठवत नाहीत. सगळे त्याला ओळखतात, त्याच्या हुद्द्याचा मान राखतात. पण त्याच्या मनात शंका शिरते, की हे यान नव्हेच, कुठंतरी उभा केलेला देखावा आहे आणि ही माणसं सोंगं घेऊन वावरताहेत. गणपतीतले कार्यक्रम आणि हिवाळ्यातल्या स्पर्धा डोळ्यांपुढं ठेवून बऱ्याच मंडळांनी हे बीज उचललेलं दिसतं. पत्रांत नाट्याबद्दल कमी आणि ‘असं होईल का, कसं होईल’ याबद्दलच जास्त विचारलंय. त्यातले निवडक प्रश्न घेतो.

आमच्या संहितेत अधिकाऱ्याला स्वतःचं नाव, आईवडील, गाव, लग्न काहीच आठवत नाही. यान मात्र तो सफाईनं चालवतो. आमच्यातले एकजण म्हणतात, नाव विसरला तर काम पण विसरणारच की. कुणाचं बरोबर? — एक नाट्यमंडळ, खानापूर

काम विसरणार नाही, इतकं तुमचं बरोबर. पण मेंदूला इजा झालेला माणूस सहसा नावही विसरत नाही, आणि तिथं तुमची संहिता अडते.

डोक्याला मार, मेंदूज्वर, फिट, रक्तपुरवठा तुटणं अशा कारणांनी आठवण जाते तेव्हा आधी जातं ते ताजं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी हा क्रम १८८१ साली मांडला. अपघाताआधीची काही मिनिटं, काही तास, कधी काही महिने पुसले जातात. बालपण, आईचा चेहरा, स्वतःचं नाव हे सगळ्यांत खोल रुतलेलं असतं. परत येतानाही जुनं आधी येतं. अपघाताच्या अगदी लगतचा तुकडा बहुधा कधीच येत नाही, कारण तो पक्का व्हायच्या आतच घात झालेला असतो. याउलट नाव, गाव, नाती एकदम गायब आणि बाकी डोकं ठणठणीत, असा रुग्ण आला तर डॉक्टर इजेपेक्षा मोठ्या मानसिक धक्क्याचा विचार करतात. तोही खराच आजार, ढोंग नव्हे. मात्र मग अधिकाऱ्याच्या कपाळाला पट्टी नको, धक्क्याचं कारण हवं. दोन्ही एकत्र कराल तर प्रेक्षकांतला एखादा डॉक्टर मध्यंतरात तुम्हाला गाठेल.

आता काम. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर फिट थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग दोन्ही बाजूंनी, आसपासच्या भागासकट, काढला गेला. फिट कमी झाल्या, पण नवी आठवण साठवणं कायमचं थांबलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला लावली. तिसऱ्या दिवशी त्याचा हात चांगलाच बसला होता, आणि हे आपण आधी कधी केलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. हाताचं शिकणं मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठतं. तेव्हा तुमचा अधिकारी खुर्चीत बसल्यावर बोटं आपोआप बरोबर कळीवर जाणं, आणि ‘हे मला कसं येतं?’ म्हणून त्यानं स्वतःच दचकणं, हे अगदी खरं आहे.

मनाच्या बाबतीतही तसंच होतं. जिनेव्हाचे डॉक्टर क्लापारेद यांनी १९११ साली एक प्रयोग नोंदवला. काहीच लक्षात न राहणाऱ्या एका रुग्ण बाईंशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली. पुढच्या भेटीत बाईंनी त्यांना ओळखलं नाही, पण हातही पुढं केला नाही. विचारल्यावर, कुणाच्या हातात टाचणी असू शकते, एवढंच म्हणाल्या. तुमच्या अधिकाऱ्याला एखाद्या सहकाऱ्याची अकारण भीती वाटत असेल, तर तिला असा पाया द्या.

नवी आठवण धरत नसलेला माणूस रंगवायचा असेल तर एक बारकावा. तो मिनिटभर नीट बोलतो. सहा-सात आकडे सांगितले तर लगेच परत म्हणून दाखवतो. मध्ये कुणी दार उघडून दुसराच विषय काढला, की मागचं सगळं गेलं. म्हणून विस्मरण दाखवायला लांब संवाद लागत नाहीत, मध्येच येणारं एक पात्र लागतं.

आणि हे नाटकाबाहेरचं. घरात कुणी एकाएकी तेच-तेच विचारू लागलं, गोंधळलं, तर संहिता बाजूला ठेवून दवाखाना गाठा. मधुमेही असतील तर आधी बोटातलं रक्त घेऊन साखर बघा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर साखरेचं पाणी द्या. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड असेल तर पक्षाघात समजून मिनिटही न घालवता निघा.

खिडक्या नाहीत, बाहेर जाता येत नाही. हाताशी असलेल्या वस्तूंनी अधिकाऱ्याला यान खरं आहे की नाही ठरवता येईल का? मुलांना वर्गात करून दाखवता आलं तर उत्तम. — विज्ञान शिक्षिका, निपाणी

येईल. खिडकी नाही हे एका परीनं बरंच आहे, कारण खिडकीतलं चित्र खोटं करणं सगळ्यांत सोपं. त्यानं आधी स्वतःचं वजन कुठून येतंय ते शोधावं.

तरंगत असेल तर प्रश्न मिटलाच. पृथ्वीवर विमानानं कमान घेऊन तरंगवता येतं, पण एका खेपेला जेमतेम वीस-पंचवीस सेकंद. त्यापुढं अर्धा मिनिट जरी पाण्याचा थेंब हवेत गोल लटकून राहिला, तर तो नक्की पृथ्वीच्या जमिनीवर नाही. पाण्याच्या टाकीत बुडवून तरंगल्याचा भास करतात, पण तिथं बुडबुडे वर जातात आणि केस पाण्याबरोबर हलतात.

पायाला जमीन लागत असेल तर तीन शक्यता उरतात. यान स्वतःभोवती फिरतंय. किंवा इंजिन सतत ढकलतंय. किंवा तो आपल्याच पृथ्वीवर एखाद्या शेडमध्ये बसलाय.

फिरणारं यान आधी घेऊ. पाण्यानं भरलेली कळशी गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, तसाच माणूस यानाच्या बाहेरच्या भिंतीवर दाबला जातो आणि ती भिंत त्याची जमीन होते. मिनिटाला दोन फेऱ्यांनी पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते, चार फेऱ्यांना ५६ मीटर. संहितेत ‘लहानसं यान, हळू फिरणारं, पण वजन पृथ्वीएवढं’ असं लिहू नका. गणित जुळत नाही.

त्यानं दीड मीटर उंचीवरून लोखंडी छर्रा सोडावा. सुटलेला छर्रा सरळ रेषेत जातो, तेवढ्यात खालची जमीन वळत पुढं सरकलेली असते. २२४ मीटरच्या यानात छर्रा ओळंब्याच्या खुणेपासून साडेअकरा सेंटिमीटर मागं पडतो, ५६ मीटरच्या यानात चोवीस. पृथ्वीवर त्याच उंचीवरून हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा लागेल, म्हणजे डोळ्यांना शून्य.

करताना चुका होतात त्या अशा. हातानं सोडला की बोट नकळत ढकलतं. म्हणून छर्रा दोऱ्याला टांगून स्थिर होऊ द्यावा आणि दोरा जाळून तोडावा. पिंगपाँगचा चेंडू नको, पंख्याचा वारा त्याला दहा सेंटिमीटर सहज नेतो. ओळंब्याचं टोक जिथं येतं तिथं खूण करून वर कार्बन पेपर आणि कोरा कागद ठेवावा, म्हणजे पडल्याची जागा उमटते. वीस वेळा सोडावा. सगळे ठिपके खुणेच्या एकाच बाजूला पडले तर यान फिरतंय. खुणेभोवती चहूकडं विखुरले तर तुमचा हात हलतोय. स्वतः उलट तोंड करून पुन्हा दहा वेळा करावं. ठिपके यानाच्या त्याच दिशेला राहिले पाहिजेत, तुमच्या डाव्या-उजव्याला नव्हे.

दुसरी परीक्षा नाटकात जास्त रंगेल. लांब वाटेवर सायकल चालवायची, मागं बसलेल्यानं ताणकाट्याला एक किलोची पिशवी धरायची. दोन फेऱ्यांच्या यानात जमिनीचा वेग सेकंदाला ४७ मीटर असतो. सायकल फिरण्याच्या दिशेनं ताशी अठरा किलोमीटरनं गेली तर काटा १ किलो २२० ग्रॅम दाखवेल, उलट्या दिशेनं ८०० ग्रॅम. काटा स्प्रिंगचाच हवा. दोन पारड्यांच्या तराजूत वजन आणि माप दोन्ही सारखीच हलकी-जड होतात आणि काही कळत नाही. वर्गात मुलांना हाच प्रश्न घाला: तराजू का चालत नाही? साधा मोबाइलही पुरतो. त्यातला जायरोस्कोप, म्हणजे फिरणं मोजणारा भाग, मिनिटाला दोन फेऱ्या म्हणजे सेकंदाला बारा अंश लगेच पकडतो. पृथ्वीचं फिरणं तासाला पंधरा अंश; ते मोबाइलच्या आवाक्याबाहेरचं.

छर्रा सरळ पडला, तर उरलं इंजिन किंवा शेड. इथं आइन्स्टाइनचं म्हणणं आडवं येतं: बंद खोलीत एकसारखं ढकललं जाणं आणि जमिनीवर उभं राहणं यांत छर्रा टाकून फरक कळत नाही. सोपी वाट म्हणजे अधिकाऱ्यानं हुद्दा वापरून हुकूम द्यावा, इंजिन एक मिनिट बंद करा. वजन त्याच क्षणी नाहीसं झालं पाहिजे. ‘आत्ता नाही करता येणार, साहेब’ असं तिसऱ्यांदा उत्तर आलं, की प्रेक्षक आपोआप पुढं सरकून बसतील. बंद करायला कुणी तयारच नसेल तर लंबक. त्याबद्दल पुढच्या पत्रात आहेच.

वर्कशॉपमध्ये फूकोचा लंबक केला. बिडाचा गोळा, दोन मीटरची दोरी. पाच-दहा मिनिटांत लंबक अंडाकृती फिरायला लागतो आणि कुठल्याही बाजूला वळतो. एकांकिकेत अधिकारी हाच लंबक वापरतो, तेव्हा नीट करायचाय. कुठं चुकतंय? — लेथ कारागीर, उद्यमबाग, बेळगाव

दोन मीटर फारच कमी. आधी काय दिसायला पाहिजे ते सांगतो. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पृथ्वी फिरते म्हणून इथं लंबकाची झोक्याची रेघ वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं तासाला ४.१ अंश वळते. पूर्ण फेरीला सुमारे ८८ तास. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोनं १८५१ साली पॅरिसला ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा लावून हे दाखवलं होतं. तिथला अक्षांश जास्त म्हणून वेगही जास्त. न फिरणाऱ्या, नुसत्या इंजिनानं ढकलल्या जाणाऱ्या यानात ही रेघ वळणार नाही. म्हणजे तासाभरानं रेघ चार अंश सरकली तर अधिकाऱ्यानं समजावं, की आपण बहुधा पृथ्वीवर, बेळगावच्या अक्षांशाच्या आसपासच आहोत. आणि हो, खोटं यान विषुववृत्तावर उभारलं असेल तर तिथंही रेघ वळत नाही, तेवढी फट या परीक्षेत आहे.

तुमचं दुखणं अंडाकृती झोक्याचं आहे. लंबक सरळ रेषेऐवजी थोडा फुगीर फिरला, की त्या फुगीरपणामुळंच रेघ वळू लागते, पृथ्वीचा त्यात काही हात नाही. सहा मीटरची तार, मधल्या जागेपासून अर्धा मीटर झोका, आणि फुगीरपणा मध्यापासून नुसता एक सेंटिमीटर धरला, तरी रेघ तासाला तेरा-चौदा अंश वळते. पृथ्वीच्या तिप्पट! दोन मीटरच्या दोरीला हाच आकडा तासाला दोनशे अंशांच्या वर जातो. लंबक ज्या बाजूनं अंडाकृती फिरतो त्याच बाजूला रेघ वळते, म्हणून तुम्हाला कधी डावीकडं तर कधी उजवीकडं दिसतंय.

तार सहा मीटरपेक्षा कमी नको. शेडच्या ट्रसला टांगा. जाडी एक मिलिमीटर, स्प्रिंगची पोलादी तार. बांधकामाची बाइंडिंगची तार ताणते आणि तुटते. दोरी तर नकोच, पीळ सुटत राहतो. गोळा दहा किलोचा, बिडाचा असेल तर व्यास चौदा सेंटिमीटर येईल. लेथवर नीट गोल करा आणि तारेचं भोक बरोबर मध्यातून घ्या. ओतताना आत पोकळी राहिली असेल तर तोल एका बाजूला जातो. लेथवर काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

टांगणी हा खरा जीव. हूक, कडी, गाठ यांना एका दिशेला जास्त खेळ असतो आणि लंबक त्या दिशेला ओढला जातो. ड्रिलचा चांगला चक घ्या, तोंड खाली करून ट्रसला घट्ट बसवा आणि तार तिन्ही जबड्यांत आवळा. ट्रस हलतोय का ते शेजारी पाण्याची वाटी ठेवून बघा. क्रेन चालू असताना प्रयोग करू नका.

सोडताना गोळ्याला जाड सुती दोरा बांधून बाजूला खांबाला अडकवा, दहा मिनिटं तसाच राहू द्या आणि मग दोरा जाळा. हात लावला की फुगीरपणा आलाच. शिवाय टांगणीपासून साठ सेंटिमीटर खाली, आतून साडेचार सेंटिमीटर त्रिज्येची पितळी कडी तारेच्या बरोबर मध्ये बसवा. प्रत्येक झोक्याच्या टोकाला तार कडीला किंचित टेकते आणि आडवी गती तिथंच मरते. कडी एका बाजूला सरकलेली असेल तर फायद्यापेक्षा तोटा जास्त, म्हणून बसवताना वेळ घ्या. अर्ध्या मीटरच्या झोक्याच्या टोकाला तासात साडेतीन सेंटिमीटर सरक दिसली, की जमलं. एका फेरीवर भरवसा नको. वेगवेगळ्या दिशांनी चार वेळा सोडा. चारी वेळा घड्याळाच्या दिशेनं, जवळपास तेवढंच वळलं पाहिजे.

अधिकारी घरी संपर्क करून खात्री करून घेईल ना? — वाचक, टिळकवाडी

करेल, पण ही परीक्षा एकाच बाजूनं चालते. चंद्राशी बोलून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. मंगळाला नुसतं जायलाच अंतराप्रमाणं तीन ते बावीस मिनिटं. सूर्याला सगळ्यांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे तिथून विचारलेल्याचं उत्तर साडेआठ वर्षांनी. उत्तर याहून लवकर आलं तर लबाडी पक्की. उशिरा आलं म्हणून मात्र काही सिद्ध होत नाही, कारण उशीर मुद्दाम करता येतो. मॉस्कोत जून २०१० ते नोव्हेंबर २०११ असे ५२० दिवस सहाजण एका बंद नकली यानात राहिले, तेव्हा मंगळाच्या अंतरासारखा उशीर संदेशांत मुद्दाम घातला होता. फरक इतकाच, की त्या सहाजणांना आपण मॉस्कोत आहोत हे ठाऊक होतं.

यानाला खिडकी ठेवली तर तारे बघून काय कळेल? तारे रेघांसारखे मागं पळताना दाखवायचे का? — बारावीचा विद्यार्थी, चिकोडी

पळताना दाखवू नका. तारे इतके लांब आहेत, की भरधाव यानातूनही महिनोन्‌महिने जागचे हलत नाहीत. अधिकाऱ्यानं वेग नव्हे, जागा बघावी. समजा यान मित्र नावाच्या ताऱ्यापाशी (अल्फा सेंटॉरी) पोचलंय असं त्याला सांगितलंय. मग मृग नक्षत्र जवळपास आपल्याला दिसतं तसंच दिसलं पाहिजे, कारण त्याचे ठळक तारे शेकडो प्रकाशवर्षं दूर आहेत. पण व्याध आपल्यापासून फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर, तो जागा सोडून मृगातल्याच काक्षी या तांबूस ताऱ्याच्या अगदी शेजारी जाऊन बसतो. आणि शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांच्या नागमोडीला एक सहावा ठळक तारा जोडला जातो. तो आपला सूर्य.

देखावा करणाऱ्यानं घाईत पृथ्वीवरचाच नकाशा पडद्यावर लावला असेल, तर मृगाखाली व्याध नेहमीच्या जागी दिसेल आणि तिथंच पितळ उघडं पडेल. मिरगाच्या पेरणीची चर्चा ज्या घरात होते तिथल्या प्रेक्षकांना हे पटकन पोचेल. गणित करून बरोबर नकाशा लावला असेल तर मात्र खिडकी निरुपयोगी. तेव्हा छर्रा आणि लंबकच.

बायको समोर उभी आहे, आवाज तोच, चेहरा तोच, तरी अधिकारी म्हणतो ‘ही ती नव्हेच’. हे अति होतंय का? — परिचारिका, शहापूर

अति नाही. फ्रेंच डॉक्टर काप्ग्रा यांनी १९२३ साली असा रुग्ण नोंदवला, म्हणून आजाराला त्यांचंच नाव आहे. चेहरा ओळखला जातो, पण ओळखीच्या माणसाला बघून मनात जी ऊब येते ती येत नाही; मग मेंदू त्याचा अर्थ ‘तोतया’ असा लावतो. फोनवर आवाज ऐकला तर काहींना तीच व्यक्ती खरी वाटते. नाटकात हे जरूर वापरा: दाराआडून बोलणारी बायको खरी, दार उघडून आत आलेली खोटी.

जागेच्या बाबतीतही असंच होतं. प्राग इथले डॉक्टर पिक यांनी १९०३ साली अशी रुग्ण नोंदवली, की जी हे रुग्णालय खरं नव्हे, दुसरीकडं उभारलेली नक्कल आहे असं सांगत होती. तुमच्या अधिकाऱ्याची मूळ शंका नेमकी हीच. याहून वेगळा प्रकार म्हणजे सगळं काचेपलीकडं, सपाट, स्वप्नातल्यासारखं वाटणं. जागरण, तीव्र भीती, अर्धशिशी, गांजा यांनी ते होतं, पण त्यात माणूस ‘जणू खोटं वाटतंय’ म्हणतो, ‘खोटंच आहे’ म्हणत नाही. नटाला हा फरक आधी ठरवून द्या. पहिल्या प्रवेशात ‘जणू’ आणि तिसऱ्यात ‘च’ असा प्रवास जमला तर भूमिका चढत जाईल.

अशा माणसाशी वाद घालून उपयोग होत नाही, हे रुग्णालयात काम करताना तुम्हाला माहीतच असेल.

आमच्याकडं जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडतात. यानातली हवा खराब झाल्यामुळंच अधिकाऱ्याचं डोकं फिरलंय असं दाखवायचंय. तिथं कंदील चालेल का? — शेतकरी, हुक्केरी तालुका

कारण उत्तम निवडलंत. एक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तो शोषणारं यंत्र मंदावलं, की आधी डोकं दुखतं, चिडचिड होते. हवेत पाच टक्क्यांच्या पुढं धाप आणि गोंधळ, दहाच्या आसपास शुद्ध हरपते. पृथ्वीवर हे प्रमाण ०.०४ टक्के असतं. अंतराळस्थानकात नेहमीच त्याच्या जवळपास दहापट. तरंगत्या यानात गरम हवा वर जात नाही, म्हणून झोपलेल्याच्या तोंडाशी त्याचाच उच्छ्वास साचतो. अधिकाऱ्याच्या झोपायच्या जागेचा पंखा बंद पडलाय आणि बाकी कुणाला काहीच होत नाही, हे अगदी घडण्यासारखं आहे. ऑक्सिजन कमी पडला तर लक्षण वेगळं: माणसाला आपण एकदम ठीक आहोत असं वाटतं आणि अक्षर बिघडत जातं.

कंदील तिथं चालत नाही. तरंगत्या यानात ज्योत गोल, निळसर होते आणि पंखा नसेल तर चांगल्या हवेतही स्वतःच्याच धुरात मंदावते. विहिरीतही त्यावर विसंबू नका. ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास आला की कंदील विझतो खरा, पण कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असेल तर कंदील जळत राहतो आणि माणूस मरतो. तो वायू जास्त झाला की वास येणंही बंद होतं. शिवाय पेट घेणारा वायू साचलेला असेल तर कंदीलच आग लावतो. भाड्यानं मिळणारं वायुमापक यंत्र आणा, कमरेला दोर आणि वर दोन माणसं ठेवा. आत कुणी पडला तर त्याच्यामागं उडी टाकू नका. एकापाठोपाठ दोघं-तिघं जातात ते याच घाईत.

हे सगळं वेदान्तातलं रज्जुसर्पच नव्हे का? — कीर्तनकार, कंग्राळी

नव्हे. दोरी आणि साप यांत दिवा आणला की भ्रम फिटतो. तुमच्या अधिकाऱ्याला दिव्याचाच संशय आलाय. कीर्तनात दृष्टान्त म्हणून खुशाल वापरा, एकांकिकेत मात्र त्यावर दहा मिनिटं बोलू नका.

शेवटी अधिकाऱ्याला त्याच्याच हस्ताक्षरातली नोंदवही सापडते आणि सगळं पटतं, असा शेवट केलाय. परीक्षक म्हणाले, सोपा झाला. आणि छर्रा तिरका पडतो हे रंगमंचावर दाखवायचं कसं? — दिग्दर्शक, येळ्ळूर

परीक्षकांचं बरोबर आहे. इंग्लंडचे संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांची स्मृती १९८५ साली मेंदूज्वरानं गेली. ते वहीत लिहीत, की आत्ता मी पहिल्यांदाच खरा जागा झालोय. आणि थोड्या वेळानं ती ओळ खोडून तेच पुन्हा लिहीत. अक्षर आपलं आहे हे दिसतं, पण ते लिहिताना आपण जागे होतो हे पटत नाही. पियानो मात्र ते वाजवत. तेव्हा वही सापडली की तुमचा अधिकारी म्हणेल, अक्षर माझं आहे, पण हे लिहून घेतलंय कुणी?

वहीला वजन आणायचं तर तिच्यात भूतकाळ नको, भाकीत हवं. प्रयोगाआधी त्यानं लिहावं: ‘छर्रा खुणेपासून साडेअकरा सेंटिमीटर मागं पडेल.’ खाली वेळ, सही, आणि ज्याच्यावर त्याचा सगळ्यांत जास्त संशय आहे त्याचीही सही. पान दुमडून चिकटवायचं. मग छर्रा सोडायचा, मोजायचं आणि पान फाडून वाचायचं. दुसऱ्यांदा मोजणी संशयितानं करावी, अधिकाऱ्यानं पाठ फिरवून बसावं. दोन्ही आकडे जुळले की त्याला स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही.

छर्रा दाखवायला जाऊ नका, ऐकवा. पंधरा सेंटिमीटर व्यासाची स्टीलची ताटली ओळंब्याखाली ठेवा, आजूबाजूला लाकडी फळी. पहिल्या प्रवेशात, त्याच्या आठवणीतल्या पृथ्वीवर, छर्रा पडला की ‘ठण्ण’. यानात तो ताटलीच्या कडेपासून चार सेंटिमीटर बाहेर, फळीवर पडतो: नुसतं ‘ठक’. त्यासाठी नटाला सोडताना छर्रा किंचित ढकलावा लागेल, सेकंदाला वीस-बावीस सेंटिमीटर एवढाच वेग. तालमीत दोनशे वेळा टाकून घ्या. छर्रा बेअरिंगचा, पंचवीस मिलिमीटरचा, म्हणजे शेवटच्या रांगेला आवाज जातो. फळीला पुढच्या बाजूनं एक इंच पट्टी मारा, नाहीतर छर्रा घरंगळत थेट परीक्षकांच्या टेबलाखाली जाईल.